तेलाचे डाग, वाढता परकर आणि सोनोग्राफीचा कागद

लेकीसाठी घरी शिवायचे कपडे आणि तिच्या लहानपणीच्या जपून ठेवायच्या वस्तू, या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बरीचशी पत्रं दोनच गोष्टींभोवती फिरतात: पिवळं पडलेलं झबलं आणि आईच्या साडीचा परकर. त्यामुळे जास्त जागा त्यांनाच दिली आहे. मापं इंचांत आहेत, कारण शिवताना टेपची तीच बाजू आपल्या हाताशी असते.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची झाली. तिच्या बारशाचं पांढरं झबलं-टोपरं धुऊन, इस्त्री करून, झिपच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवलं होतं. परवा काढलं तर पाठीवर आणि गळ्याशी पिवळे-तपकिरी डाग. ठेवताना एकही डाग नव्हता, हे मला नक्की आठवतं. आले कुठून? आणि जातील का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : डाग ठेवतानाही होते, फक्त दिसत नव्हते. पाठीवरचे आणि मानेजवळचे मालिशीच्या तेलाचे, गळ्याशी-छातीवरचे दुधाचे. नेहमीच्या धुण्यात तेलाचा वरचा थर जातो. धाग्याच्या आत शिरलेलं थोडं मागे राहतं आणि त्याला रंग नसतो. पुढे हवेतल्या प्राणवायूशी त्याची सावकाश क्रिया होते आणि ते पिवळं, मग तपकिरी होतं. माळा स्लॅबच्या लगेच खाली असेल तर एप्रिल-मे महिन्यांत तिथली उष्णता हे काम वेगाने करते. इस्त्रीनेही तेच केलं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल तर आणखी एक कारण: जड पाण्यात साबणाचा फेस कमी आणि चोथा जास्त होतो, तो चोथा कापडात बसतो आणि तोही पिवळा पडतो.

आता काढायचं कसं. आधी झबलं खिडकीसमोर धरा. कुठे कापड जाळीसारखं विरळ दिसत असेल तर चोळायचं नाही आणि पिळायचंही नाही. टिचबटणं, हूक, सेफ्टीपिन असं धातूचं जे काही निघण्यासारखं असेल ते उसवून बाजूला ठेवा. डागांवर भांडी घासायच्या लिक्विडचा एकेक थेंब टाकून बोटाने हलकेच पसरवा आणि वीस मिनिटं थांबा. हे तेलासाठी. मग कोमट पाण्यात खळबळा. यानंतर ऑक्सिजन ब्लीचची पावडर (सोडियम परकार्बोनेट) : हाताला सोसेल इतक्या गरम दोन लिटर पाण्यात एक मोठा चमचा, पूर्ण विरघळवून, त्यात झबलं सहा ते आठ तास बुडवून ठेवा. वर तरंगू देऊ नका. कापडाचा जो भाग पाण्याबाहेर राहतो तिथे कड उमटते. वर एखादी पांढरी बशी ठेवली की झालं. पहिल्या खेपेला डाग फिका होतो, दुसऱ्या खेपेला बहुधा जातो. तिसऱ्यांदाही हलला नाही तर थांबा. त्यापुढे डागाआधी कापड जाईल.

नेहमीचं क्लोरीनवालं ब्लीच मात्र नको. ते सुती धागा कमजोर करतं, आणि रेशीम-लोकर असेल तर तिला पिवळी पाडून खाऊनच टाकतं. परकार्बोनेटही रेशमाला आणि लोकरीला चालत नाही; तिथे सौम्य लिक्विड साबण आणि साधं पाणी, बस्स. टिचबटणाभोवती नारिंगी वर्तुळ असेल तर तो गंज आहे. त्यावर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवा आणि भरपूर पाण्यात धुवा. हे फक्त पांढऱ्या सुतीला. गंजावर क्लोरीन ब्लीच पडलं तर डाग कायमचा पक्का होतो. पुष्कळ झबली इथेच वाया जातात.

शेवटचं खळबळणं चार पाण्यांत करा. पाणी बोटांना बुळबुळीत लागेनासं झालं की पुरे. नीळ घालू नका, ती डाग लपवते. खळ तर अजिबात नको. खळ म्हणजे पीठ, आणि कसर पिठासाठीच कपड्यात शिरते. इस्त्रीही नको. पंच्यावर पसरून पूर्ण वाळवा. "पूर्ण" म्हणजे हाताला कोरडं लागल्यावर आणखी एक दिवस.

पुन्हा ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको. आत अडकलेला दमटपणा बाहेर पडायला वाट नसते आणि पावसाळ्यात पुण्यातल्या हवेत त्यावर बुरशी धरते. मांजरपाट आणा, दोनदा गरम पाण्यात धुऊन त्याची खळ काढा आणि त्यात कपडा गुंडाळा. घडीच्या आत त्याच मांजरपाटाची एक सुरळी घाला, म्हणजे घडीची रेघ धारदार पडत नाही. वर्तमानपत्राचा कागद नको: तो आम्लधर्मी असतो, कपडा पिवळा पाडतो आणि शाईही उतरते. भरायला सर्वांत चांगला काळ होळीनंतरचा. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा खणखणीत कोरडी असते. तेव्हा बांधलेलं गाठोडं पावसाळाभर टिकतं. दसऱ्याच्या आवराआवरीत एकदा उघडा, सावलीत तासभर वारा द्या, घडी बदला. जागा : माळा नको, बाथरूमला लागून असलेली भिंत नको. राहत्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा सर्वांत बरा.

प्रश्न : दुसरं बाळ जुलैमध्ये येणार. मोठीचे सगळे कपडे सासूबाईंनी डांबर गोळ्या घालून ट्रंकेत जपलेत, तेच वापरावेत असं घरात सगळ्यांना वाटतं. शिवाय पहिलं झबलं-टोपरं मला स्वतः शिवायचंय. मशीन आहे, सराव बेताचा. कापड किती आणू? (एक आई, धायरी)

उत्तर : आधी गोळ्यांचं. डांबर गोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळांना गोळ्यांच्या वाफेत राहिलेले कपडे घातल्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. नॅफ्थलीन तेलात विरघळतं, म्हणून मालिश केलेल्या अंगावर असा कपडा आणखी वाईट. सासूबाईंनी जपले ते मायेनेच, पण हे कपडे सरळ ट्रंकेतून बाळाच्या अंगावर जाऊ नयेत. दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुवा, मधल्या काळात आठवडाभर रोज मोकळ्या हवेत, उन्हात टाका. नाकाजवळ धरून जरासाही वास येत असेल तोवर वापरू नका. वास हटतच नसेल तर तो कपडा आठवण म्हणून राहू दे. ट्रंकेत गोळ्यांच्या जागी वेखंडाचे तुकडे किंवा वाळवलेला कडुलिंब पुरचुंडीत बांधून ठेवा. त्यांचा असर सौम्य असतो, दर चार-सहा महिन्यांनी बदलावे लागतात, आणि त्या निमित्ताने ट्रंक उघडली जाते हा खरा फायदा.

आता झबलं. ३६ इंची पन्ह्याची मलमल सव्वा मीटर आणा. दोन झबली, दोन टोपरी आणि बंद सगळं त्यात बसतं. आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून वाळवा. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि बेतल्यानंतर आटलं तर गळा आणि बाह्या सर्वांत आधी आवळतात.

नवजात बाळाच्या छातीचा घेर साधारण १३ इंच असतो. झबल्याचा घेर २० इंच ठेवा, म्हणजे पहिले तीन महिने निघतात. बाही वेगळी जोडू नका, अंगाबरोबरच कापा. त्यासाठी २० इंच रुंद आणि २५ इंच लांब तुकडा घ्या आणि लांबीत मधोमध दुमडा. दुमड वर, तोच खांदा. अंगाची रुंदी १० इंच, दोन्ही बाजूंना बाही साडेचार-साडेचार इंच, बाहीची उंची ४ इंच, पूर्ण लांबी १२ इंच. बगलेत काटकोन ठेवू नका, गोलाई द्या; काटकोनात कापड ओढलं जाऊन तिथेच फाटतं. गळा मागे अर्धा इंच, पुढे दीड इंच खोल, रुंदी साडेतीन इंच. पहिल्यांदा गळा नेहमी जास्त कापला जातो, तेव्हा मनाला वाटेल त्याहून पाव इंच कमीच कापा.

झबलं पुढून उघडं ठेवा. पाठीवर गाठी असलेल्या झबल्यात बाळ गाठींवरच झोपतं. पुढच्या बाजूला मधोमध सरळ कापून, उरलेल्या कापडाच्या अडीच इंची दुहेरी पट्ट्या दोन्ही कडांना लावा. एकीवर एक येऊन छाती झाकली जाते. बांधायचे बंद बाजूला लावा, बगलेखाली आणि पोटाशी. गळ्याशी बंद नको. प्रत्येक बंद ५ इंचांहून लांब नको, बोटांत आणि मानेभोवती अडकतो. बटण तर नकोच. दोन-तीन महिन्यांनी सगळं तोंडात जायला लागतं.

बाजूच्या शिवणी अशा : आधी कापडाच्या उलट बाजू आत ठेवून काठापासून एक सूत अंतरावर टीप मारा, जास्तीचे धागे कातरून टाका, कापड उलटवा आणि दुसरी टीप पाव इंचावर मारा. सुटे धागे त्या नळीत बंद होतात. तान्ह्याच्या पायाच्या बोटाला सुटा धागा गुंडाळला तर रक्त अडतं, म्हणून ही जास्तीची टीप वगळू नका. मशीनला १६ नंबरची जाड सुई असेल तर काढून ९ किंवा ११ नंबरची लावा. जाड सुईने मलमलीला भोकं पडतात आणि धागे ओढून रेघ येते. कापड सुरुवातीलाच मशीनच्या दातांत अडकून खाली जात असेल तर खाली पातळ कागद ठेवून टीप मारा, नंतर कागद फाडून काढा.

टोपरं साडेचौदा इंच घेराचं. सहा महिन्यांच्या बाळाचं डोकं १७ इंचांच्या आसपास असतं, तेव्हा दुसरं टोपरं त्या मापाचं करा. दोन्ही एकाच मापाची केली तर एक वाया गेलंच समजा.

आणि जपून ठेवायचं असेल तर आतल्या बाजूला नाडीच्या पट्टीचा दोन इंची तुकडा शिवून त्यावर रंगीत दोऱ्याने नाव आणि वर्ष काढा. पेनने लिहिलेलं चार धुण्यांत पसरतं.

प्रश्न : सोनोग्राफीच्या फोटोंना लॅमिनेशन करून घेऊ का? पुसट होत चाललेत. (हडपसर)

उत्तर : अजिबात नको! तो कागद थर्मल असतो, दुकानातल्या पावतीसारखा. उष्णतेनेच त्यावर चित्र उमटतं. लॅमिनेशनच्या मशीनमधून गेला की अख्खा काळा होऊन बाहेर येईल. आजच ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि फाइलच्या नावात तारीख टाका. नंतर साध्या कागदाच्या पाकिटात, अंधारात, थंड जागी ठेवा. मऊ प्लास्टिकच्या खिशांच्या अल्बममध्येही नको, त्या प्लास्टिकमधल्या द्रव्यांनी चित्र उडतं. तरी मूळ कागद पुसट होणारच, स्कॅनच खरा. रुग्णालयातल्या मनगटाच्या पट्टीवरची शाईही कधी कधी अशीच थर्मल असते. तिचाही फोटो घेऊन ठेवा.

प्रश्न : माझ्या लग्नातली पैठणी फारशी नेसली जात नाही. लेक पाच वर्षांची आहे. तिला त्याचा परकर-पोलका शिवायचाय, आणि तो दोन-तीन वर्षं तरी पुरला पाहिजे. शिंपी म्हणतात साडी कापायला हात धजत नाही. काय करू? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : शिंप्याचं चुकत नाही. एकदा कातर लागली की ती पुन्हा साडी होत नाही. तेव्हा आधी साडीची परीक्षा घ्या. जुन्या घडीच्या रेघेवर दोन्ही अंगठे ठेवून हलकेच ताणा. रेशीम तिथे चर्रकन विरलं तर परकर करू नका. चुण्यांचा आणि मुलीच्या धावपळीचा ताण ते सोसणार नाही. त्या साडीचा काठ काढून खणाच्या किंवा सुती परकराला लावा. रेशीम सशक्त असेल तर पुढे.

हिशेब असा. पाच वर्षांच्या मुलीची कंबर साधारण २१ इंच, कमरेपासून घोट्यापर्यंत २४ इंच. तुमच्या लेकीची मापं घेऊन आकडे बदला. चुण्यांसाठी कमरेच्या तिप्पट, म्हणजे ६३ इंच कापड. साडीची पूर्ण लांबी साडेपाच मीटर, २१६ इंच. पदराच्या विरुद्ध टोकाकडून, म्हणजे नेसताना आत खोचलं जातं त्या बाजूने, ६३ इंच मोजा. पदर शाबूत राहतो आणि १५३ इंच उरतात. त्याची साडी होत नाही, पण पदरासकट ओढणी होते.

त्या ६३ इंची तुकड्याची रुंदी ४५ इंच. एका काठाकडून परकराची उंची मोजा : २४ इंच, वाढीच्या दोन टकांना (टक म्हणजे दुमडून शिवलेली पट्टी, उंची वाढली की उसवायची) ३ इंच, वर नेफा जोडायच्या शिवणीला दीड इंच. एकूण साडेअठ्ठावीस. खाली काठच आहे, दुमड लागत नाही. वरती साडेसोळा इंच उरतात, तेही दुसऱ्या काठासकट. यातून पोलकं होतं आणि काठ बाह्यांना येतो. पैठणीत बुट्टी असेल तर तिची दिशा आधीच बघा. पोलक्याचा तुकडा काठ खाली घेऊन कापला की बुट्टे डोक्यावर उभे राहू शकतात. मोरांच्या बाबतीत हे फारच दिसतं.

वाढीचं गणित. या वयात मूल वर्षाला दोन ते अडीच इंच उंच होतं आणि त्यातली निम्म्याहून थोडी जास्त वाढ पायांत जाते. पाऊण इंच खोलीचा एक टक दीड इंच कापड खातो. म्हणजे एक टक साधारण एका वर्षाचा. दोन टक, दोन वर्षं. सुती परकरावर टक खाली काठाजवळ घालतात, तो शोभतो. रेशमावर तसं करू नका. टक उसवल्यावर सुईची भोकं आणि फिकी रेघ राहते आणि ती नेमकी काठाच्या वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येते. टक वर घ्या, नेफ्यापासून अडीच-तीन इंच खाली, आतल्या बाजूने, चुण्या घालायच्या आधी सपाट कापडावर. ती जागा पोलक्याखाली जाते. टीप मशीनची नको. बारीक सुई, रेशमी दोरा आणि हाताचा लांब टाका. उसवताना कातरीचं टोक न लावता दर चौथा टाका कापून दोरा ओढून घ्या.

नेफ्यात रेशीम दुमडू नका. नाडीच्या घासणीने ते सहा महिन्यांत झिजतं. मलमलीचा वेगळा नेफा लावा आणि त्याच मलमलीचं पूर्ण अस्तर द्या, उंचीला परकरापेक्षा दोन इंच कमी. ताण अस्तर घेतं, रेशीम फक्त लोंबतं.

पोलक्यात पहिल्यांदा आखडतो तो मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई. लांबी वाढवता येते, बाजू उसवता येतात, मुंढा मात्र कापला तेवढाच राहतो. म्हणून बगलेत दोन इंची चौकोनी तुकडा कर्णावर बसवा. हात वर केला की पोलकं वर चढत नाही आणि वर्षभर जास्त पुरतं. दोन्ही बाजूंच्या शिवणीत एकेक इंच कापड आत सोडा, खाली दोन इंचांची दुमड. गळा मागून चार इंच उघडा ठेवून हूक लावा. पाच वर्षांच्या मुलीचं डोकं २० इंचांचं असतं, बंद गोल गळ्यातून ते शिरत नाही, आणि हे हमखास कार्यक्रमाच्या दिवशीच कळतं.

मापाचा अंदाज यावा म्हणून हे सगळं आधी मांजरपाटावर कापून, कच्चे टाके घालून लेकीच्या अंगावर बघा. तीस-चाळीस मिनिटांचं काम आहे. पैठणी कापायची असताना ते टाळणं म्हणजे उगाच धाडस.

जपताना : अत्तर किंवा स्प्रे कपड्यावर नको, जर काळवंडते. पिशवीत रबरबँड नको, त्यातल्या गंधकानेही तेच होतं. डांबर गोळी जरीला टेकता कामा नये. इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये पातळ कापड ठेवून.

प्रश्न : पैठणी परवडत नाही. खणाचा परकर-पोलका शिवताना काय काळजी घ्यावी? (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : खण दिसायला कुठेही कमी नाही, आणि मुलीला खेळू देताना जीव वर-खाली होत नाही. हा मूळचा कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. पन्हा दुकानागणिक वेगळा मिळतो, म्हणून लांबी सांगण्याआधी पन्हा टेपने मोजा. कमी पन्ह्याच्या खणात परकर उभ्या पाट्या जोडून करावा लागतो. कापलेल्या कडा भराभर उसवतात, तेव्हा पाऊण इंच मार्जिन सोडा आणि शिवायच्या आधी इंटरलॉक करून घ्या. गडद लाल-काळ्या खणांचा रंग पहिल्या धुण्यांत जातो. मीठ किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सांगितलं जातं, आजच्या रंगांवर त्याचा उपयोग होत नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धुवा, एवढाच उपाय. पांढरं अस्तर लावू नका.

अस्तर, बटणं, लेस हे तुळशीबागेत आणि रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला मिळतं. लेस सुती म्हणून विकली जाते, ती तशी असतेच असं नाही. एक धागा काढून घरी जाळून बघा : कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर नायलॉन. नायलॉनची लेस मुलीच्या मानेला टोचते आणि मग तो कपडा कपाटातच राहतो.

प्रश्न : मुलीचे पहिल्या पाच वर्षांतले फ्रॉक, टी-शर्ट, झबली मिळून दोन पोती झालीत. टाकवत नाहीत, ठेवायला जागा नाही. त्यांची गोधडी होईल का? (एक आई, वाकड)

उत्तर : होईल. पण आधी तीन-चार कपडे अख्खे बाजूला काढा आणि त्यांना कातर लावू नका. गोधडीत फ्रॉकचा रंग राहतो, माप राहत नाही. ती केवढी होती हे पुढे फक्त अख्खा कपडाच सांगतो.

सोयीचं माप ३६ बाय ४८ इंच. सहा इंची चौकोन, रुंदीत सहा आणि लांबीत आठ, एकूण ४८. प्रत्येक चौकोन साडेसहा इंचांचा कापा, चारही बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं. पुठ्ठ्याचा साचा करा आणि चित्र किंवा खिसा मध्ये येईल असा ठेवा. झबल्यातून एक चौकोन निघतो, फ्रॉकच्या घेरातून चार-पाच.

सर्वांत जास्त बिघडतं ते टी-शर्टांमुळे. होजिअरीचं कापड ताणलं जातं आणि शेजारचा सुती चौकोन ताणला जात नाही; जोडल्यावर पोळीसारखे फुगे येतात. म्हणून टी-शर्टाच्या तुकड्याला कापायच्या आधी उलट बाजूने पातळ चिकटणारं कॅनव्हास इस्त्रीने लावा. छापील चित्रावर सरळ इस्त्री फिरवू नका, ते वितळून इस्त्रीला चिकटतं. नायलॉनचे पार्टी फ्रॉक, टिकल्या, जाळी हे गोधडीत नको. बाकी कापड दहा वर्षं टिकेल आणि हे पहिल्या वर्षी उसवेल.

आतले थर जुन्या मऊ सुती साडीचे. ५२ इंचांचे चार तुकडे एका साडीतून बरोबर निघतात : एक तळाला, तीन आत. साडीचा पन्हा ४५ इंच, त्यामुळे चारही बाजूंना वाव राहतो. सगळं कापड आधी धुतलेलं हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात थर वेगवेगळे आटतात.

जमिनीवर तळाचा थर ताणून कडांना चिकटपट्टी लावा, त्यावर बाकीचे पसरा आणि मध्यापासून कडेकडे मोठे कच्चे टाके घाला. कडेकडून सुरुवात केली तर जास्तीचं कापड मध्ये गोळा होतं आणि ते शेवटपर्यंत बसत नाही. मग धावदोरा, कडेपासून आत फेऱ्या घेत, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा सुती, दुहेरी, हातभरापेक्षा लांब नको; लांब दोऱ्याला गाठी पडतात आणि कापडातून वारंवार ओढला गेल्याने तो मध्येच तुटतो. चार-पाच थरांतून सुई न वाकता जायला हवी. ती जात नसेल तर आतला एक थर कमी करा. रोज तासभर हात चालवलात तर दीड-दोन महिने धरून चाला.

प्रश्न : आजीने विणलेल्या लोकरीच्या कुंचीला बारीक भोकं पडलीत. कसर आहे का? आणि बोरन्हाणाचे हलव्याचे दागिनेही जपायचेत. (औंध)

उत्तर : लोकर आहे की अ‍ॅक्रिलिक, ते आधी ठरवा. आतला एक धागा जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. कीड खऱ्या लोकरीलाच लागते, अ‍ॅक्रिलिक सहसा तिच्या तावडीतून सुटतं. लोकर असेल तर कुंची कोरडी करून प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. प्लास्टिक एवढ्याच कामापुरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, एक दिवस तशीच राहू दे. नाहीतर हवेतलं पाणी लोकरीवर सुटतं. अळ्या-अंडी मेली की भोकांच्या कडेचे सुटे फंद (विणीचे टाके) त्याच जाडीच्या लोकरीने अडकवा. कुंची खुंटीला टांगू नका, स्वतःच्या वजनाने ती लांब होते.

हलव्याचे दागिने मात्र टिकणार नाहीत. हलवा म्हणजे साखर, ती हवेतलं पाणी ओढते. आषाढात चिकट होते आणि मग मुंग्या. घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून दोन-तीन वर्षं काढता येतात, त्या पुड्या मात्र दर महिन्याला बघाव्या लागतात. त्यापेक्षा एक दागिना दिवसाच्या उजेडात जवळून टिपून ठेवा, हलवा उतरवून खाऊन टाका, आणि ज्या पुठ्ठ्यावर-दोऱ्यावर तो ओवला होता तो सांगाडा पुसून, कोरडा करून काळ्या झबल्याबरोबर गुंडाळा. झबल्यावर हलव्याचा कण राहिला नाही ना, तेवढं झटकून बघा.